अमेरिकेची मोटर आपल्या लाइनवर: व्होल्ट जुळवले, हर्ट्झचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूर्तिजापूरकडच्या एका शेतकरी भाऊंचा पुतण्या बारा वर्षं अमेरिकेत राहून कायमचा गावी येतो आहे. तिथल्या घरातलं सामान जहाजाने पाठवायचं चाललं आहे. त्यात लाकूड कापायचं टेबल सॉ, हवेचा कंप्रेसर, हातातलं ड्रिल, मिक्सर, शिलाई मशीन, कपडे धुवायचं आणि वाळवायचं मशीन अशा मोटरच्या वस्तू आहेत. "२३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, सगळं चालते," असं त्यांना एका दुकानदाराने सांगितलं. ते खरं का, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की पुतण्याचा सौदीतला मित्र इकडून मिनी डाळ मिल मागतो आहे, ती तिकडे चालेल का?

भाऊ, दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि मोटरा जळतात त्या उरलेल्या अर्ध्यापायी. मी दर्यापूरला तीस वर्षांपासून मोटरा भरतो, म्हणजे जळालेल्या मोटरचं तांब्याच्या तारेचं वाइंडिंग काढून नवं घालतो. विहिरीवरच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या, जिनिंगच्या. बाहेरदेशच्या मोटरा वर्षाला दोन-चार येतात, आणि त्या बहुतेक एकाच कारणाने जळून आलेल्या असतात. आणणाऱ्याने व्होल्ट पाहिलेले असतात, मोटरवरच्या माहितीच्या प्लेटवर शेजारीच लिहिलेले हर्ट्झ पाहिलेले नसतात.

आपली घरची लाइन २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेतली १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे विजेच्या सेकंदाला किती पूर्ण लाटा येतात तो आकडा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी-जास्त करतो. हर्ट्झला तो हात लावत नाही, आत ५० गेले की बाहेर ५०च येतात. मग ६० हर्ट्झसाठी बनलेली मोटर ५० वर लावली तर काय होतं?

ओलित करताना आपण दांडातून सरीत पाणी सोडतो. धार तेवढीच असली तरी सरीचं तोंड किती वेळ उघडं ठेवलं त्यावर सरी नीट भरते की फुटते ते ठरतं. मोटरचं लोखंड ही सरी समजा, व्होल्टेज ही धार, आणि लाइनची एक अर्धी लाट म्हणजे तोंड उघडं असण्याचा वेळ. ६० हर्ट्झला ही अर्धी लाट सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजली तर ८.३३ भाग चालते, ५० हर्ट्झला पूर्ण १० भाग. धार तीच ठेवून वेळ वाढवला की लोखंडात चुंबकत्व मावेनासं होतं. लोखंड एकदा भरलं की पुढे वाइंडिंग नुसतं अँपिअर ओढतं. त्यातून काम काही होत नाही, तांबं मात्र तापतं. अशी मोटर रिकामी फिरतानाही घुमते, आणि अर्ध्या तासात तिच्या अंगाला हात लावता येत नाही.

म्हणून मी पोरांना शिकवताना एकच हिशेब पाठ करायला लावतो: प्लेटवरचे व्होल्ट भागिले प्लेटवरचे हर्ट्झ. अमेरिकेच्या घरगुती मोटरवर बहुतेक ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं. भागाकार येतो १.९२. आपल्या ५० हर्ट्झवर तोच आकडा ठेवायचा तर तिला ९६ व्होल्ट दिले पाहिजेत. दुकानदाराचा ट्रान्सफॉर्मर ११० देतो, म्हणजे २.२. चुंबकत्व जवळपास १५ टक्के जास्त झालं. आता आपल्या गावची रात्र आठवा. संध्याकाळी सगळे पंखे, टीव्ही, गिरण्या चालू असताना लाइन १८० ला येते, आणि रात्री डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, लोड उतरला की २५० च्या वर चढते. २५५ ला त्याच ट्रान्सफॉर्मरमधून १२२ व्होल्ट निघतात. म्हणजे २७ टक्के जास्त. एवढं कोणतीही मोटर फार दिवस सोसत नाही.

आपल्याकडे हर्ट्झ मात्र शिस्तीत असतात. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, तेव्हापासून सगळा देश एकाच लयीत चालतो, आणि नियमाचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ इतका अरुंद आहे. त्यामुळे हर्ट्झच्या बाबतीत आपल्याला चढ-उताराची काळजी नाही. ते ५० आहेत आणि ५०च राहतील हे धरून चालायचं, व्होल्ट मात्र सांभाळायचे.

यात आपल्या उन्हाळ्याची भर घाला. मोटरची प्लेट लिहिताना बनवणारे आजूबाजूची हवा ४० अंशांची धरतात. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, आणि टिनाच्या शेडमध्ये त्याहून जास्त. वर ६० ची मोटर ५० वर लावली की तिचे फेरे सहाव्या हिश्शाने कमी होतात, म्हणजे तिच्याच दांड्यावरचा गार करणारा पंखाही हळू फिरतो. उष्णता जास्त तयार होते आणि वारा कमी मिळतो. अमेरिकेत वीस वर्षं चाललेली मोटर इथे एका उन्हाळ्यात काळी पडते ती यामुळे.

आता तुमच्या सामानाकडे येऊ, कारण सगळ्या मोटरा एका जातीच्या नसतात.

कार्बनवाल्या मोटरा हर्ट्झची पर्वा करत नाहीत. हातातलं ड्रिल, ग्राइंडर, किचनमधला मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर आणि घरातली बहुतेक जुनी शिलाई मशीनं या जातीची. या मोटरांना फक्त व्होल्ट बरोबर लागतात. त्यांच्यासाठी तुमच्या दुकानदाराचा ११० चा ट्रान्सफॉर्मर अगदी ठीक आहे. ओळखायची खूण सोपी आहे. मोटरच्या अंगावर समोरासमोर दोन प्लॅस्टिकच्या स्क्रूवाल्या टोप्या दिसतात, त्यांच्या आत कार्बन असतो. चालू केली की आवाज किंचाळल्यासारखा येतो, आणि फिरताना आत बारीक निळी ठिणगी दिसते. आणखी एक पक्की खूण प्लेटवर मिळते. ६० हर्ट्झवर साधी इंडक्शन मोटर, म्हणजे बिनकार्बनची, मिनिटाला ३६०० च्या वर जाऊच शकत नाही. प्लेटवर मोटरचे फेरे ४०००, ५००० असे असतील तर ती कार्बनची आहे. १७२५ किंवा ३४५० असतील तर ती इंडक्शन, आणि मग वरचा सगळा हिशेब तिला लागू.

टेबल सॉच्या बाबतीत हे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. उचलून गाडीत टाकता येईल असं हलकं असेल तर त्यात बहुतेक कार्बनची मोटर असते, ते ट्रान्सफॉर्मरवर चालेल. बिडाच्या टेबलाचं, पट्ट्यावर चालणारं, दोन माणसांना उचलावं लागणारं असेल तर खाली इंडक्शन मोटर लटकलेली असते. कंप्रेसरचंही तसंच: लहान, बिनतेलाचा, कानाला बोचणारा असेल तर कार्बनची मोटर असू शकते. टाकीवर पट्ट्याने हेड चालवणारा असेल तर नक्की इंडक्शन.

बॅटरीवर चालणाऱ्या हत्यारांची मोटर तर लाइनशी जोडलेलीच नसते. तिथे चार्जर पाहा. त्यावर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर नुसती पिन बदलायची. फक्त १२० लिहिलेलं असेल तर तो सरळ आपल्या बोर्डात घालू नका. टीव्ही, लॅपटॉप आणि नवीन धाटणीच्या इन्व्हर्टर यंत्रांच्या पोटात लाइन आधी डीसी होते, म्हणून तिथेही प्लेटच प्रमाण.

कपडे धुवायचं मशीन आणि ड्रायर आणू नका, तिकडेच विकायला सांगा. अमेरिकेतला विजेचा ड्रायर २४० वर चालतो, पण ते २४० आपल्यासारखे एका फेज आणि न्यूट्रलमध्ये नसतात. त्यांच्या घरात १२०-१२० च्या दोन गरम तारा येतात आणि मधोमध न्यूट्रल असतो. ड्रायरची कॉइल दोन गरम तारांत म्हणजे २४० वर, आणि फिरवायची मोटर व टायमर एक तार आणि न्यूट्रल म्हणजे १२० वर. आपल्याकडे तो मधला न्यूट्रल नाहीच. कोणी हौशी वायरमनने आपला न्यूट्रल त्या जागी लावला तर १२० च्या मोटरला सरळ २३० मिळतील. शिवाय आपल्याकडे ऊन आहे, ड्रायर हवा कशाला! फ्रिजचंही तेच: मोटर बंद डब्यात, आत काय तापलं ते कळायच्या आत कंप्रेसर जातो. मायक्रोवेव्हही सोडा, जुन्या धाटणीच्या मायक्रोवेव्हचा आतला ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झवर नेमका बसवलेला असतो.

इंडक्शनच्या सिंगल फेज मोटरमध्ये व्होल्ट-हर्ट्झचा भागाकार जुळवला तरी आणखी दोन ठिकाणी काळजी लागते, आणि मी सांगतो ते तुमच्या भागातल्या प्रत्येक वायरमनला माहीत असेलच असं नाही. या मोटरीला उठवायला वेगळं स्टार्टिंग वाइंडिंग असतं, त्याच्या मागे कंडेन्सर आणि एक सेंट्रिफ्यूगल स्विच. मोटरने वेग घेतला की फिरणारी वजनं बाहेर फेकली जातात आणि स्विच सुटतो. साधारण तीन चतुर्थांश वेगाला तो सुटावा असं स्प्रिंग बसवलेलं असतं. ६० हर्ट्झच्या चार पोलच्या मोटरचा मूळ वेग १८००, म्हणजे स्विच १३५० च्या आसपास सुटणार. हीच मोटर ५० वर लावली की मूळ वेग १५०० होतो, आणि लोड घेऊन ती १४२५-१४४० वर फिरते. स्विच सुटायला आता फारशी जागा उरलेली नसते. त्यातून लाइन १८० ला आली, पट्टा जास्त ताणलेला असला, कंप्रेसरच्या हेडमध्ये दाब अडकलेला असला, तर मोटर १३०० वरच घुटमळते. स्विच सुटत नाही, स्टार्टिंग वाइंडिंग लाइनवरच राहतं. ते बारीक तारेचं, काही सेकंदांसाठी बनवलेलं असतं. मिनिटभरात वास येतो. मी उघडलेल्या अशा मोटरींत मेन वाइंडिंग पिवळं-तांबूस शाबूत आणि स्टार्टिंग कोळसा, असं कितीदा तरी पाहिलं आहे. स्प्रिंग थोडं नरम करून किंवा वजनांच्या बाजूला बदल करून स्विच लवकर सोडवता येतो. पण ते हातकाम आहे, ज्याने पूर्वी केलं आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

दुसरी काळजी कंडेन्सरची. तोच कंडेन्सर ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने कमी करंट जाऊ देतो. कायम लाइनवर राहणारा रनिंग कंडेन्सर असेल तर मी साधारण २० टक्के मोठा घालतो. २५ मायक्रोफॅराडचा असेल तर ३०. व्होल्टेजची मर्यादा मात्र जुन्याइतकी किंवा वरचीच हवी.

मग ही मोटर वापरायचीच असेल तर व्यवस्था कशी करायची? ११० चा ट्रान्सफॉर्मर घेऊ नका, २३० चे १०० करणारा बांधून घ्या. १०० भागिले ५० म्हणजे २, हे मूळ १.९२ च्या अगदी जवळ आहे. त्याच्या आधी चांगला स्टॅबिलायझर लावा, म्हणजे रात्रीचे २५५ मोटरपर्यंत पोचणार नाहीत. ट्रान्सफॉर्मरचं माप काढताना चालतानाचे अँपिअर पाहून फसू नका. प्लेटवर ११५ व्होल्टला १६ अँपिअर असतील तर गुणाकार १८४० येतो, दुकानदार तुम्हाला २ केव्हीएचा देईल. पण उठताना मोटर पाच-सहा पट करंट मागते. ट्रान्सफॉर्मर लहान असला की त्या क्षणी व्होल्ट पडतात, मोटर उठत नाही, स्विच सुटत नाही आणि वरची कहाणी पुन्हा घडते. मी ४ केव्हीएच्या खाली सांगणार नाही. आणि तो आपल्या ५० हर्ट्झसाठीच बांधलेला हवा. पुतण्या तिकडूनच ट्रान्सफॉर्मर आणायचं म्हणत असेल तर थांबवा. ६० चा ट्रान्सफॉर्मरही लोखंड-तांब्याचाच, त्याचीही सरी फुटते.

प्रवासात नेतात तो तळहातावर मावणारा, हजार-दोन हजार वॅट लिहिलेला हलका कन्व्हर्टर मोटरला कधी लावू नका. तो लाट कापून व्होल्ट कमी करतो. इस्त्री, केस वाळवायची कॉइल असल्या गोष्टी त्यावर थोडा वेळ चालतात, मोटर नाही.

स्वस्तातला ऑटो ट्रान्सफॉर्मर घेतला तर आणखी एक धोका ध्यानात ठेवा. त्यात आतली आणि बाहेरची तार एकच असते, मधे आडोसा नसतो. बोर्डात फेज आणि न्यूट्रल उलटे असले (आपल्या गावांत निम्म्या बोर्डांत असतात) तर "११० च्या" यंत्राची एक तार जमिनीच्या मानाने २३० वर बसलेली असते. पावसाळ्यात ओल्या पायाने त्या यंत्राला हात लागला तर ट्रान्सफॉर्मर कमी व्होल्टचा आहे हे कामी येणार नाही. दोन वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर घ्या, यंत्राला नीट अर्थिंग द्या आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवा. यात मी कोणाला सूट देत नाही.

एवढं सगळं करूनही मोटर पूर्ण ताकद देत नाही, हे लक्षात घ्या. पीळ (फिरवायचा जोर) तोच राहतो पण फेरे कमी, म्हणून दीड एचपीची मोटर इथे सव्वा एचपीची होते. आऱ्याचं, म्हणजे टेबल सॉचं, पातं हळू फिरेल. पुली बदलून पात्याचा वेग परत आणता येतो: मोटरवर ५ इंची असेल तर ६ इंची लावा. पण ताकद सव्वाचीच राहील, सागाची जाड फळी रेटून घालू नका.

माझं खरं मत विचाराल तर टेबल सॉ आणि कंप्रेसर जरूर आणा, त्यांचं बीड आणि काम फार चांगलं असतं. इंडक्शन मोटर असेल तर ती मात्र तिकडेच उतरवून ठेवा, नाहीतर इथे आल्यावर काढून आपली नवीन बसवा. ट्रान्सफॉर्मर, स्टॅबिलायझर, कंडेन्सर आणि माझ्यासारख्याची मजुरी जोडली तर आपली नवी दीड-दोन एचपीची मोटर जवळपास त्यातच येते, शिवाय ती जळली तर गावात भरून मिळते. बसवताना अडचण मापाची येईल. त्यांच्या मोटरी इंचात असतात. त्यांच्या ५६ नंबरच्या फ्रेमचा दांडा पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.८८ मिलिमीटर. पायापासून दांड्याच्या मध्यापर्यंत उंची साडेतीन इंच, म्हणजे ८८.९. आपल्या ९० च्या फ्रेमची उंची ९० मिलिमीटर, पण दांडा २४ चा. उंची जवळपास जुळते, पुलीचं भोक जुळत नाही. लेथवर पुली बोअर करून चावीची खाच नव्याने पाडावी लागेल, किंवा सरळ नवी पुली घ्यावी. दर्यापूर, अकोला, अमरावती कुठेही एका दिवसाचं काम आहे.

याहून चांगला आणखी एक मार्ग आहे, थोडा खर्चाचा. घरच्या सिंगल फेज लाइनवर चालणारा व्हीएफडी, ज्याला आपले लोक ड्राइव्ह म्हणतात, तो आत २३० सिंगल फेज घेतो आणि बाहेर २३० थ्री फेज देतो, हवे तेवढे हर्ट्झ करून. हर्ट्झ खरोखर बदलणारी वस्तू हीच. पुतण्याच्या आऱ्याला कदाचित २३० व्होल्ट थ्री फेज, ६० हर्ट्झची मोटर असेल, तर दुधात साखर. ड्राइव्ह ६० वर लावा, मोटरला आपण अमेरिकेतच आहोत असं वाटेल. नसेल तर आपली थ्री फेज मोटर घेऊन तिला ड्राइव्ह लावता येतो. आपल्याकडच्या दोन एचपीपर्यंतच्या थ्री फेज मोटरी बहुतेक आतून स्टारमध्ये ४१५ साठी जोडलेल्या असतात (स्टार आणि डेल्टा या तीन वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती). सहाही टोकं पेटीत बाहेर आलेली असतील तर पट्ट्या फिरवून डेल्टा करा, मग ती २३०-२४० ची होते. वेग कमी-जास्त करता येतो, हळूहळू उठते, आणि उठताना घरातले दिवे मंद होत नाहीत. मात्र कंडेन्सर आणि सेंट्रिफ्यूगल स्विचच्या सिंगल फेज मोटरला असा ड्राइव्ह लावू नका, दोघंही बिघडतील.

आता सौदी. आखातात दुबई, कुवेत, कतार, ओमान, बहरीन सगळीकडे आपल्यासारखे ५० हर्ट्झ. सौदी एकटा ६० चा. तिथली व्होल्टेजही जागोजागी वेगळी: जुन्या भागात १२७/२२०, पुढे २२०/३८०, आणि आता २३०/४००. यामुळे मी स्वतः एक मोटर जाळली आहे. २००८ च्या उन्हाळ्यात एक जण सौदीहून ५ एचपीचा कंप्रेसर घेऊन आला. प्लेटवर ३८० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ७.८ अँपिअर. मला ३८० आणि ४१५ मधला फरक किरकोळ वाटला, आपल्या ग्रामीण लाइनीत एवढं होतंच असं म्हणून जोडली. पट्टा काढून रिकामी फिरवली तरी टाँग टेस्टर, म्हणजे तारेला चिमटा लावून अँपिअर मोजायचं मीटर, ८ च्या वर दाखवत होता. तिथेच थांबायला हवं होतं. चांगली थ्री फेज मोटर रिकामी फिरताना प्लेटच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत करंट घेते. मला वाटलं बेअरिंग आवळली असेल, ग्रीस दिलं आणि पट्टा चढवला. तासाभरात धूर. नंतर कागदावर भागाकार केला: ३८० भागिले ६० म्हणजे ६.३३, आणि आपलं ४१५ भागिले ५० म्हणजे ८.३. ३१ टक्के जास्त. ती मोटर मी माझ्या खर्चाने भरून दिली. भरताना वेढे तेवढ्याच प्रमाणात वाढवले, तार बारीक घेतली, मग ती आपल्या लाइनवर गार चालली. तेव्हापासून बाहेरची मोटर आधी रिकामी फिरवून टाँग टेस्टर पाहिल्याशिवाय मी पट्टा चढवू देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका.

गंमत अशी की अमेरिकेच्या कारखान्यातली ४६० व्होल्ट, ६० हर्ट्झची थ्री फेज मोटर आपल्या ४१५ वर बऱ्यापैकी चालते. भागाकार ७.६७ आणि ८.३, फरक फक्त ८ टक्के. व्होल्ट पाहिले तर सौदीची जवळची वाटते आणि अमेरिकेची लांबची, खरं उलटं आहे. जपानची जुनी यंत्रंही कधी कधी येतात. त्या देशात एकाच वेळी दोन्ही हर्ट्झ आहेत. टोकियोला १८९५ मध्ये जर्मनीचा जनरेटर आला तो ५० चा, ओसाकाला १८९६ मध्ये अमेरिकेचा आला तो ६० चा. आजही पूर्वेला ५०, पश्चिमेला ६०, हद्द फुजी नदीच्या आसपास. त्यामुळे जपानी मोटरच्या प्लेटवर बहुतेक दोन्ही आकडे असतात. तिथे फक्त व्होल्ट जुळवायचे: थ्री फेजला २००, घरगुतीला १००.

तुमची डाळ मिल उलट्या दिशेने जाते आहे. आपली ५० ची मोटर ६० वर गेली की जळायची भीती कमी, कारण सरी अर्धवट भरते. पण जोर कमी पडतो. ४१५ व्होल्टची मोटर सौदीच्या ३८० वर चुंबकत्वात २४ टक्के कमी भरते आणि उठतानाचा पीळ ५८ टक्क्यांवर येतो. दाणे भरलेली मिल ती उठवणार नाही, रिकामी उठवून मग तूर सोडावी लागेल. ४०० व्होल्टच्या भागात थोडं बरं, ६५ टक्क्यांच्या आसपास.

वेगाचं मला जास्त वाटतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल आपल्याकडे गावोगावी आहे, तुमच्या मित्राला तीच किंवा तसलीच हवी असणार. तिच्या रोलचा वेग नेमका ठेवलेला असतो. १४४० ची मोटर तिकडे १७२५-१७३० वर फिरेल, रोल २० टक्के जास्त वेगाने. साल निघेल, पण डाळीची पाखं तुटतील, चुरी वाढेल, आणि तुमचा मित्र म्हणेल मशीनच खराब पाठवलं. उपाय पुलीचा: मोटरवर ६ इंची पुली असेल तर तिच्या जागी ५ इंची. मग रोल मूळ वेगावर येतो. पट्टा एखाद-दुसरा नंबर लहान लागेल, तो सोबतच पाठवा.

मोटरचं म्हणाल तर दोन गोष्टींपैकी एक करा. एकतर बिनमोटरची मिल पाठवा आणि एचपी, फेरे, दांड्याचं माप व पायाच्या भोकांची अंतरं लिहून द्या, मित्र तिकडची ६० ची मोटर घेईल. नाहीतर मोटर इथेच ३८० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी भरून पाठवा. वेढे ७६ टक्के करायचे, म्हणजे खाचेत ६० असतील तर ४६, आणि तार तेवढी जाड. अशी भरलेली मोटर तिकडे पूर्ण जोर देते. पाठवण्याआधी मित्राच्या जागेवर नक्की कोणते व्होल्ट आहेत आणि सिंगल की थ्री फेज, हे तिथल्या वायरमनकडून मोजून घ्या.

मित्राने सोबत पाण्याचा पंप मागितला तर मात्र नाही म्हणा. पंपाला २० टक्के जास्त फेरे मिळाले की पाणी २० टक्के वाढतं, उंची ४४ टक्के वाढते आणि मागणारी ताकद ७३ टक्के. ५ एचपीचा पंप ८.६ एचपी मागायला लागतो, आणि त्याच वेळी मोटर अर्धपोटी असते. अशी पाणबुडी मोटर बोअरमधून जळूनच वर येते. उलट तिकडचा पंप इकडे आणला तर १०० मीटर चढवणारा ६९ वर थांबतो. तो बिचारा जळत नाही, पाणीच येत नाही.

कंटेनर भरायच्या आधी पुतण्याला एवढं करायला सांगा. प्रत्येक यंत्राच्या मोटरवरच्या प्लेटचा उजेडात स्वच्छ फोटो काढायचा. यंत्रावर चिकटवलेलं स्टिकर वेगळं, मोटरची प्लेट वेगळी, दोन्ही घ्यायचे. व्होल्ट, हर्ट्झ, फेज, अँपिअर, आरपीएम आणि फ्रेम हे सहा आकडे वाचता आले पाहिजेत. मोटरच्या पेटीचं झाकण उघडून आत किती तारा आहेत आणि झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेली जोडणीची आकृती, त्याचाही फोटो. प्लेटवर ६० च्या शेजारी ५० चा वेगळा रकाना दिसला तर तो मला आधी पाठवा, त्या रकान्यात व्होल्टही वेगळे लिहिलेले असतात, आणि मग त्या मोटरला मी सांगितलेलं बरंचसं काही करावं लागणार नाही.